ॲटलासचा हिशेब : एका गैरहजेरीची किंमत



सरासरी हा शब्द आम्ही कामगारांनी फार सोसला आहे. वाद महागाई भत्त्याचा असो की उत्पादनाचा, समोरच्या बाजूने प्रथम पुढे येते ती सरासरी. तेव्हा सरासरी कशी बनते आणि तिच्या पोटात काय दडलेले असते, हे तपासून पाहण्याची आम्हांला सवयच लागली. त्या सवयीनेच आम्ही संगणकाच्या इतिहासातील एका प्रकरणाकडे वळलो. शाळेची पायरी लवकर सुटल्यामुळे हा विषय आम्हांला ज्या रीतीने उमगला, त्याच रीतीने तो आपल्यापुढे ठेवीत आहोत.

मँचेस्टर हे नाव आपल्याकडे कापडामुळे घरोघर ठाऊक झाले. त्याच शहरातील विद्यापीठात फ्रेडी विल्यम्स, टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २१ जून १९४८ रोजी एक छोटे इलेक्ट्रॉनिक यंत्र चालवून दाखविले. आपली आज्ञावली स्वतःच्याच स्मृतीत साठवून चालणारे ते पहिले यंत्र. पुढे यंत्रे वाढली आणि त्यांच्याबरोबर एक जुनीच अडचणही वाढली. चपळ स्मृती महाग, म्हणून थोडी. स्वस्त स्मृती पुष्कळ, पण मंद. कारागिराच्या हाताशी असलेली फळी आणि आवारापलीकडचे गोदाम यांच्यातला हा फरक समजा. फळीवर माल मावेना, तेव्हा कोणता माल केव्हा आणायचा आणि केव्हा परत पाठवायचा, याची आखणी आज्ञावली लिहिणाऱ्यालाच करावी लागे. मूळ कामाइतकाच वेळ या हमालीत जाई.

किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही हमाली यंत्राकडे सोपविली. मँचेस्टर विद्यापीठ आणि फेरांटी कंपनी यांनी मिळून बांधलेल्या ॲटलास यंत्राचे उद्‌घाटन ७ डिसेंबर १९६२ रोजी झाले. त्याच्या चपळ स्मृतीत १६,३८४ शब्द मावत, तर फिरत्या चुंबकीय ड्रमांवर ९८,३०४. सारा माल ५१२ शब्दांच्या 'पानां'त विभागलेला असे. म्हणजे फळीवर पाने ३२ आणि गोदामात १९२. लिहिणाऱ्याने मात्र सारे काही एकाच सलग स्मृतीत आहे असे समजून लिहावे. मागितलेले पान हजर आहे की नाही, हे यंत्र बत्तीसही नोंदी एकदम पडताळून पाही. ते गैरहजर असेल तर ड्रमावरून आणवून घेई. यालाच पुढे आभासी स्मृती हे नाव पडले.

आता हिशेबाकडे येऊ. चपळ स्मृतीतून एक शब्द काढण्यास सुमारे २ मायक्रोसेकंद लागत. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. ड्रमावरचे पान फिरत समोर येण्यास सरासरी ६ हजार मायक्रोसेकंद आणि ते उचलून आणण्यास आणखी २ हजार, असे एकूण ८ हजार धरू. समजा, हजार मागण्यांत एकच पान गैरहजर निघाले. ९९९ मागण्यांना लागले १,९९८. उरलेल्या एकीला ८,०००, आणि वर वाचण्याचे २. बेरीज बरोबर १०,०००. हजाराने भागा : दर मागणीस १० मायक्रोसेकंद. हजारांत ९९९ हजर असूनही कामाची गती पाचपट मंदावली!

आता कोणी म्हणेल, चपळ स्मृतीच दुप्पट चपळ करा. केली, तर १० चे ९ होतील, एवढेच. उलट स्मृतीला हात न लावता गैरहजेरी दोन हजारांत एक अशी निम्म्यावर आणली, तर १० चे ६ होतात. आणि मंदी दहा टक्क्यांच्या आत ठेवायची, तर गैरहजेरी चाळीस हजारांत एकीहून अधिक चालणार नाही. म्हणूनच कोणते पान परत पाठवावे, हा प्रश्न प्राणाचा ठरला. ॲटलासमधील एक आज्ञावली कोणते पान किती वेळ न वापरता पडून आहे याची नोंद ठेवी आणि जे लवकर लागणार नाही असा तिचा अंदाज, त्याला निरोप देई.

पान येईपर्यंत यंत्राने स्वस्थ बसू नये म्हणून एकाच वेळी अनेक कामे आत घेण्याची रीत पडली. युक्ती चांगली, पण तिला मर्यादा आहे. कामे वाढली की प्रत्येकाच्या वाट्याची पाने घटतात. मग एकाने दुसऱ्याचे पान बाहेर काढावे, दुसऱ्याने तिसऱ्याचे. सारा वेळ ने-आणीत जातो आणि मुख्य यंत्र रिकामे बसते. ते रिकामे दिसते म्हणून आणखी कामे आत घ्यावीत, तो अनर्थ वाढतच जातो. पीटर डेनिंग या अमेरिकन संशोधकाने १९६८ साली या दुखण्याचे निदान केले. त्यांचा उपाय असा : प्रत्येक काम नजीकच्या काळात जी पाने खरोखर वापरीत आहे, तेवढ्यांना जागा मिळालीच पाहिजे. ती देता येत नसेल, तर नवे काम दाराबाहेर थांबवा.

मँचेस्टरचा ॲटलास १९७१ साली बंद झाला. त्याची युक्ती मात्र आज आपल्या खिशातल्या फोनमध्येही चालू आहे.

आम्हांला या इतिहासात आमचा जुनाच अनुभव भेटतो. उत्पादन घटले की घड्याळ लावले जाते ते कामगाराच्या हातावर. माल येण्याची वाट पाहत तो किती वेळ उभा होता, हे कोणी मोजीत नाही. एका माणसावर आणखी यंत्रे लादली की उत्पादन वाढेल, असे मानणारेही पुष्कळ भेटले. ॲटलासचा हिशेब त्यांच्यापुढे ठेवावासा वाटतो. काम रेंगाळले, तर हाताची चपळाई मोजण्याआधी खोळंबा मोजावा, आणि कोणी सरासरी पुढे केली, तर तिच्यातली गैरहजेरी कोणाची, हे निर्भयपणे विचारावे. त्यासाठी लागणारे गणित बेरीज-भागाकारापलीकडचे नाही. ते आपणां सर्वांना येते.