वायरीच्या अंगावरचं आवरण

नाटकगृहात वीज येण्यामागे आगीची भीतीही होती. 8 डिसेंबर 1881 रोजी व्हिएन्नाचं रिंग थिएटर गॅसच्या दिव्यांमुळे पेटलं आणि शेकडो प्रेक्षक दगावले. त्याच महिन्याच्या 28 तारखेला लंडनच्या सॅव्हॉय थिएटरचा रंगमंच विजेच्या दिव्यांनी उजळला. मालक डॉयली कार्ट यांनी पेटता दिवा मलमलीत गुंडाळून सगळ्यांसमोर फोडला. मलमल करपलीसुद्धा नाही, लोकांनी टाळ्या वाजवल्या. दिवा परीक्षेत पास झाला, पण त्याच्यापर्यंत येणाऱ्या तारेची परीक्षा त्या रात्री कुणी घेतली नाही.

मी आयुष्यभर थिएटरं आणि मंगल कार्यालयांची वायरिंगची कामं केली. माझे वडीलही वायरमन. त्यांच्या काळात सागवानी केसिंग-कॅपिंग असायचं. लाकडी पट्टीत दोन खाचा, प्रत्येक खाचेत वेगळी तार, वर लाकडाचंच झाकण. तारेवर रबर आणि त्यावर सुती वीण. रबरातल्या गंधकाने तांबं खराब होतं म्हणून तांब्याला कल्हई केलेली असे. वडिलांनी केलेली कामं पुढे मीच उकलली. हात लावला की रबराचा भुगा व्हायचा आणि उघडी तार वाळलेल्या लाकडात पडलेली दिसायची. तीन-वीस, सात-वीस ही मापं मी तिथेच शिकलो.

मग पीव्हीसी आलं आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. ते कुजत नाही, तडकत नाही, ज्योत दूर केली की बऱ्याचदा आपोआप विझतं. हा गुण त्यातल्या क्लोरीनचा. पण भडकलेल्या आगीत सापडलं तर तेच क्लोरीन हायड्रोजन क्लोराईड होऊन बाहेर पडतं, ओल्या डोळ्यांत आणि घशात त्याचं आम्ल होतं. सोबत काळा दाट धूर. दार चार पावलांवर असूनही दिसत नाही. शॉक लागू नये एवढीच आवरणाकडून आमची अपेक्षा होती. जळल्यावर त्याचं काय होतं, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

धूर काय करतो, हे दिल्लीच्या उपहार थिएटरने देशाला दाखवलं. 13 जून 1997, पडद्यावर 'बॉर्डर'. खाली पार्किंगच्या मजल्यावर वीज मंडळाचा ट्रान्सफॉर्मर. सकाळीच तो पेटला होता आणि दुरुस्तही झाला होता. न्यायालयीन नोंदींनुसार केबलच्या टोकाला जोडणीसाठी बसवायचे लग क्रिम्पिंग मशीनने न दाबता, डाय आणि हातोड्याने ठोकून बसवले होते. संध्याकाळी पाचच्या सुमारास एक केबल सुटली, तिच्या टोकाने ट्रान्सफॉर्मरच्या रेडिएटरला भोक पडलं आणि सांडलेलं तेल पेटलं. आग खालीच राहिली, धूर जिन्याने बाल्कनीत चढला. तिथे जादा खुर्च्यांनी वाट अडवली होती. 59 माणसं गेली ती गुदमरून. त्या खटल्याचा निकाल मी वायरमनच्या नजरेने वाचला. एक लग नीट दाबायला किती वेळ लागतो, हे माझ्या हातांना ठाऊक आहे. म्हणूनच ती ओळ मला आजही वाचवत नाही.

कमी धुराच्या वायरीचं शास्त्र तोवर तयार झालं होतं. लंडनच्या भुयारी रेल्वेने त्यासाठी 3 मीटर लांबी-रुंदी-उंचीची बंद खोली केली. आत केबल जाळायची आणि धुरातून प्रकाशाचा झोत किती आरपार जातो ते मोजायचं. आज हॅलोजन, म्हणजे क्लोरीनसारखी मूलद्रव्यं, नसलेल्या केबलींसाठी साधारण 60 टक्के प्रकाश उरावा, अशी अट असते. या केबलींच्या आवरणात ॲल्युमिनियम हायड्रॉक्साईड भरतात. सुमारे 200 अंशांवर ते स्वतःतलं पाणी वाफेच्या रूपात सोडतं आणि उष्णता शोषतं. आपल्याकडे मधली पायरी म्हणजे एफआरएलएस, ज्योत रोखणारी, कमी धुराची वायर. हेही पीव्हीसीच, पण त्याला जळायला किमान 29 टक्के ऑक्सिजन लागावा, असं मानक सांगतं. हवेत असतो 21 टक्के.

इथे एक गोंधळ मी कायम पाहिला. एफआरएलएस म्हणजे आगीतही चालू राहणारी वायर, असं कार्यालयांचे मालकच काय, काही इंजिनिअरही समजतात. तसं नाही. आगीत पंप, अलार्म आणि जिन्यातले दिवे चालू राहायला वेगळी केबल लागते. ती तांब्याच्या नळीत मॅग्नेशियम ऑक्साईडची पूड ठासून बनवतात, नाहीतर तारेवर अभ्रकाची पट्टी गुंडाळतात. तांब्याच्या नळीची केबल फ्रान्सने 1930च्या दशकातच 'नॉर्मंडी' जहाजावर वापरली होती. जहाजातून पळायला जागा नसते, हे त्यांना कळलं होतं. भरलेल्या बाल्कनीतूनही नसते.

मंगल कार्यालय ठरवायला जाल तेव्हा जेवणाच्या ताटाच्या दराबरोबर एवढं विचारा: वायर कुठली आहे, आणि केबलीच्या शाफ्टमधून धूर वर चढू नये म्हणून प्रत्येक मजल्यावर तो बुजवला आहे का? तोंडी उत्तरावर समाधान मानू नका. भारतीय मानकाचा आयएस क्रमांक आणि वायरीचा प्रकार वायरीवरच छापलेला असतो, तो दाखवायला सांगा. आणि मागचं दार स्वतः उघडून बघा.