शोकाच्या तीन मूर्ति

मृत पुत्रास मांडीवर घेऊन बसलेल्या मातेस काय सांगावें, हें इतकीं वर्षें पुरोहितपणांत घालवूनहि आम्हांस नीटसें उमगलेलें नाहीं. अशा समयीं शब्द थिटे पडतात. इटलीचा विख्यात शिल्पकार मायकेलँजेलो ह्यानें हाच प्रसंग संगमरवरांत तीन वेळां हातीं घेतला. तो वृत्तांत ह्या अंकांत वाचकांपुढें ठेवावा, असें आम्हांस वाटतें.

१४९८ सालीं एका फ्रेंच कार्डिनलनें त्याच्याशीं पहिल्या मूर्तीचा करार केला. शिल्पकार तेव्हां अवघा २३ वर्षांचा होता. स्वतःची आई त्यानें सहाव्या वर्षींच गमावली होती. क्रूसावरून उतरविलेला प्रभूचा देह पवित्र मरियेच्या मांडीवर आहे. तिचें मुख तरुण व शांत आहे. ती आक्रोश करीत नाहीं; तिचा डावा हात मात्र उघडा पसरलेला आहे. रोम येथील संत पेत्राच्या महामंदिरांत ही मूर्ति आहे. १९७२ सालीं एका माथेफिरूनें तिच्यावर हातोडा चालविला. पुढें ती दुरुस्त करण्यांत आली.

सत्तरी ओलांडल्यावर त्यानें स्वतःच्या थडग्यासाठीं दुसरी मूर्ति आरंभिली. तींत प्रभूचा देह मागून सांवरणारा एक वृद्ध आहे. त्यास शिल्पकारानें आपलेंच मुख दिलें, असें मानतात. परंतु समाधान न झाल्यामुळें त्यानें ती स्वहस्तें फोडली. एका तरुण शिल्पकारानें तुकडे जोडले, म्हणून ती आज फ्लॉरेन्स शहरीं पाहावयास मिळते.

तिसरी मूर्ति मिलान येथें आहे. १५६४ सालीं, वयाच्या ८८ व्या वर्षीं त्यास मरण आलें. त्यापूर्वीं कांहीं दिवसांपर्यंत तो तिच्यावर छिन्नी चालवीत होता. ती अपुरीच राहिली. येथें माता उभी आहे व पुत्रहि उभा आहे. कोणी कोणास सांवरलें आहे, हें सांगतां येत नाहीं. आधींच्या रचनेंतील एक सुटा हात बाजूस तसाच उरला आहे.

पहिल्या मूर्तीचें सौंदर्य निर्विवाद आहे. तथापि दुःखितांच्या घरून परततांना आम्हांस आठवते ती तिसरी. वृद्ध शिल्पकारानें तींत सौंदर्याचा हट्ट सोडला आणि केवळ आधार तेवढा ठेविला. ज्या घरांत एक जागा रिकामी आहे, तेथें आपण सर्वांनीं जावें. बोलावयास सुचलें नाहीं तरी चालेल. जवळ उभें राहावें.