हौदातला समुद्र

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यातून समुद्र गाठायचा तर घाट उतरावा लागतो. त्यामुळे ह्या कारखानदारीच्या गावांत वाढणाऱ्या मुलांची समुद्री प्राण्यांशी पहिली भेट बहुधा चित्रात किंवा काचेआड होते. अलीकडे येथील काही कुटुंबे मुलांना घरीच शिकवतात आणि अशा घरांत सहल हाच पाठ असतो. सहल शाळेची असो की घरच्या शाळेची, एक प्रश्न ठरलेला असतो : परदेशात डॉल्फिनचे खेळ दाखवणारी सागरी उद्याने आहेत, मग आपल्याकडे एकही का नाही? आपल्याजवळ तेवढा पैसा नाही, असे उत्तर सहज दिले जाते. ते चूक आहे. खरे उत्तर समजायला थोडे मागे जावे लागेल.

मत्स्यालयाची सुरुवात एका रसायनशास्त्रज्ञाच्या घरी झाली. लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टनने एका भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. वनस्पतीच्या ऑक्सिजनवर मासे जगतील हा त्याचा हिशेब बरोबर होता. पण कुजणाऱ्या पानांनी पाणी गढुळले. मग त्याने तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली आणि पाणी निवळले. हा प्रयोग त्याने १८५० साली केमिकल सोसायटीपुढे मांडला. (आठवीच्या वर्गात तो आजही करून पाहता येतो.) तीनच वर्षांनी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले, आणि १८५४ मध्ये फिलिप गॉस ह्या निसर्गअभ्यासकाच्या पुस्तकाने घरोघरी समुद्री जीव पाळण्याची लाट आणली. ह्या लाटेने इंग्लंडच्या किनाऱ्यावरची खडकांतली डबकी पार ओरबाडली गेली. पुढे गॉसच्या मुलाने, एडमंडने, १९०७ च्या आपल्या आत्मकथनात त्याबद्दल हळहळ व्यक्त केली आहे. पाहण्याच्या हौसेने पाहायची वस्तूच नाहीशी व्हावी, हे ह्या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते.

आपल्याकडे मद्रासच्या मरीनावर १९०९ साली मत्स्यालय सुरू झाले. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते उघडले, आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांच्या सहली मरीन ड्राइव्हवरच्या त्या इमारतीत जाऊन आल्या. ते समुद्राकाठी होते, ही मोठी सोय. असे टाके चिंचवडला बांधायचे तर? समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे एक लाख लिटरच्या टाक्यासाठी साडेतीन टन क्षार लागतील, आणि तेही नुसते मीठ चालणार नाही. मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम योग्य प्रमाणात हवेत.

पण मासे ही एक गोष्ट आणि डॉल्फिन-देवमासे ही दुसरी. १८६१ साली बार्नम ह्या अमेरिकन तमासगिराने न्यूयॉर्कमध्ये दोन पांढरे बेलुगा देवमासे आणून ठेवले. ते काही दिवसांतच मेले. १९३८ मध्ये फ्लोरिडात ‘मरीन स्टुडिओज’ उघडले. पाण्याखालचे चित्रपट घेण्यासाठी बांधलेल्या त्या प्रचंड टाक्यांतून डॉल्फिनच्या खेळांचा धंदा उभा राहिला.

मात्र येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे : ह्या हौदांनीच विज्ञानाला मोलाची माहिती दिली. मरीन स्टुडिओजचा अभिरक्षक आर्थर मॅकब्राइड याच्या ध्यानात आले, की रात्री गढूळ पाण्यातसुद्धा डॉल्फिन बारीक विणीचे जाळे दुरूनच ओळखून टाळतात. मोठ्या विणीचे मात्र त्यांना उमगत नाही. १९४७ च्या टिपणांत त्याने वटवाघळांची आठवण काढली. १९६० च्या सुमारास केनेथ नॉरिसने कॅलिफोर्नियात एका डॉल्फिनच्या डोळ्यांवर रबरी वाट्या चिकटवल्या, तरी ती अडथळ्यांतून न आपटता पोहत गेली. डॉल्फिन ‘टिक्-टिक्’ असे सूक्ष्म आवाज कपाळावरल्या चरबीच्या उंचवट्यातून पुढे फेकतो आणि त्यांचे प्रतिध्वनी खालच्या जबड्यावाटे ऐकतो. साडेसात सेंटिमीटरचा गोळा त्याला शंभराहून अधिक मीटर अंतरावरून कळतो, असे पुढे मोजले गेले. ज्याचे ‘दिसणे’ एवढे लांब पोचते, त्याला पंधरा-वीस मीटरच्या हौदात कोंडणे म्हणजे काय, हे मुलांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही. कोंडण्याविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा कोंडलेल्या प्राण्यांनीच दिला.

भारताने हा धंदा करून पाहिला आहे. १९९८ साली चेन्नईजवळ ‘डॉल्फिन सिटी’साठी बल्गेरियातून डॉल्फिन आणले गेले, सहा महिन्यांच्या आत ते मेले. त्यानंतरही दिल्ली, कोची आणि महाराष्ट्रातून अशा प्रकल्पांच्या कल्पना पुढे येत राहिल्या. अखेर मे २०१३ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने परिपत्रक काढून डॉल्फिनच्या खेळांच्या उद्यानांना परवानगी देऊ नये असे राज्यांना कळवले. डॉल्फिनची बुद्धी पाहता त्यांना ‘मानवेतर व्यक्ती’ मानावे, ह्या काही शास्त्रज्ञांच्या मताचाही त्यात उल्लेख होता. सरकारी परिपत्रकात असे वाक्य क्वचितच वाचायला मिळते.

मालवण तालुक्यात तोंडवळी-वायंगणीला ‘सी वर्ल्ड’ उभारण्याची योजनाही बरीच वर्षे गाजली. तेथील गावकऱ्यांचा विरोध जमिनीसाठी होता, डॉल्फिनसाठी नव्हे. तोही इतिहासाचा भाग आहे.

चिंचवडच्या मुलांनी मग पाहावे काय? वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र ह्या संस्थेने २००२ पासून ग्रामस्थांच्या मदतीने ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली. उन्हाळ्याच्या तोंडाशी पिल्ले समुद्राकडे जाताना तेथे पाहता येतात. अंडी फुटायला साधारण दीड ते दोन महिने लागत असल्याने तारखेची खात्री नसते, आणि घरी शिकणाऱ्या मुलांना आयत्या वेळी निघणे सोपे जाते. डॉल्फिनसाठी हर्णै, मुरूड किंवा तारकर्लीचा किनारा आहे. पाठीवर कुबड असलेली जात उथळ पाण्यातच राहते. होडीवाल्याला पाठलाग करू देऊ नये, इंजिन बंद करायला सांगावे. मुलांच्या हाती घड्याळ द्यावे. एक पाठ वर आली की सेकंद मोजायला लागायचे, पुढचा श्वास घ्यायला ती परत वर येईपर्यंत. आकडे वहीत मांडायचे. दहा-बारा नोंदी झाल्या की सरासरी काढता येते. एखादा आकडा फारच लहान आला, तर ती पाठ बहुधा दुसऱ्या डॉल्फिनची असते.