तेलभक्षक जंतु

वाहतें पाणी आपोआप निर्मळ होतें, अशी आपली फार जुनी समजूत आहे. ती सर्वस्वी खोटी नव्हे. पण कोठवर खरी, हें गोड्या पाण्यांत सांडलेल्या खनिज तेलाच्या इतिहासावरून चांगलें कळतें.

हॉलंडमधील सोन्गेन या शास्त्रज्ञानें १९१३ सालीं दाखवून दिलें कीं, कित्येक सूक्ष्म जंतु पेट्रोलियम व पॅराफिन यांवर उपजीविका करितात. तेल म्हणजे मुख्यतः कर्ब व हायड्रोजन यांचीं संयुगें. प्राणवायु मिळाला कीं जंतु तीं जणूं मंद आंचेवर जाळतात, आणि त्यांपासून कर्बाम्लवायु व पाणी होतें. परंतु जेथें प्राणवायु पोंचत नाहीं, तेथें काय होत असावें?

याचें उत्तर एका अपघातानें दिलें. अमेरिकेंतील मिनेसोटा प्रांतांत, बेमिजी गांवाजवळ, २० ऑगस्ट १९७९ रोजीं तेल वाहून नेणारा नळ फुटला व सुमारें १७ लक्ष लिटर कच्चें तेल बाहेर पडलें. बरेंचसें उपसलें, कांहीं जाळलें. तरी सुमारें ४ लक्ष लिटर जमिनींत राहिलें व त्यांतील पुष्कळसें भूजलापर्यंत उतरलें. हें भूजल जवळच्याच एका तळ्याकडे वाहतें. १९८३ पासून शास्त्रज्ञ त्याचा सतत अभ्यास करीत आले आहेत. त्यांस आढळलें कीं, प्राणवायु संपतांच जंतूंनीं वाळूच्या कणांवरील लोखंडाचा गंज श्वसनासाठीं वापरला. तोही जेथें सरला, तेथें निराळ्या जंतूंनीं तेलापासून मिथेन वायु बनविला. यामुळें बेंझीनसारखें विष पाण्याबरोबर अपेक्षेइतकें दूर गेलें नाहीं. त्याचा मोठा भाग वाटेंतच नाहींसा झाला.

येथेंच थांबलों तर निसर्गाची स्तुति पुरी होईल, पण सत्य अर्धेंच राहील. चार दशकें लोटल्यावरही तेथील भूमींत तेल शिल्लक होतें. शिवाय लोखंडाचा गंज विरघळतांना त्यास चिकटून असलेला सोमलही पाण्यांत मोकळा झाला. म्हणजे एक विष पचवितांना दुसरें जागें झालें!

जंतु आपलें काम निष्ठेनें करितात, यांत संशय नाहीं. पण तें आपल्या सोयीनें वा आपल्या घाईनें होत नाहीं. एका दिवसाच्या चुकीचें परिमार्जन करावयास त्यांस एका पिढीहून अधिक काळ पुरत नाहीं. पाणी स्वतः शुद्ध होतें, हें खरें. मात्र तोंवर तें पिणाऱ्यानें काय करावें, याचें उत्तर जंतूंपाशीं नाहीं. तें आपणांसच दिलें पाहिजे.