वैद्यकीय संशोधनाचे संकेतस्थळ : रचना, नियम आणि सहभागींचे हक्क

ग्वाल्हेर येथील गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना १९४६ साली झाली. शिंदे संस्थानच्या ज्या महाराणी गजराराजे यांचे नाव या संस्थेला देण्यात आले, त्या माहेरच्या राणे. त्यांच्यामुळे ग्वाल्हेरच्या राजघराण्याचे गोमंतकाशी नाते जडले. महाविद्यालयाशी संलग्न असलेल्या जयारोग्य रुग्णालयात ग्वाल्हेरबरोबरच भिंड, मुरैना, दतिया आणि शिवपुरी या जिल्ह्यांतील रुग्ण उपचारांसाठी येतात. अशा मोठ्या शिक्षण रुग्णालयांत उपचारांच्या जोडीने संशोधनही चालते. एखाद्या औषधाची मात्रा किती असावी, एखाद्या आजाराचे प्रमाण कोणत्या गटात अधिक आहे, जुना उपचार चांगला की नवा, या प्रश्नांची उत्तरे रुग्णांच्या सहभागाखेरीज मिळत नाहीत.

या सहभागाचा पाया संमती हा असतो आणि संमतीचा पाया माहिती हा असतो. ही माहिती देण्याचे एक साधन म्हणून अलीकडे संशोधन प्रकल्पाचे स्वतंत्र संकेतस्थळ तयार केले जाते. वरवर पाहता हे काम संगणक तंत्रज्ञाचे वाटते. प्रत्यक्षात या संकेतस्थळाची रचना हा संशोधनाच्या नीतिव्यवहाराचाच एक भाग आहे. त्याला कायद्याच्या आणि मार्गदर्शक तत्त्वांच्या निश्चित चौकटी आहेत.

पार्श्वभूमी : इंदूरची याचिका

या चौकटी कडक होण्यामागे ग्वाल्हेर ज्या राज्यात आहे, त्या मध्य प्रदेशातील घडामोडींचा मोठा वाटा आहे. इंदूर येथे रुग्णांवर झालेल्या औषध चाचण्यांबाबत गंभीर आक्षेप घेण्यात आले. आपल्यावर उपचार होत आहेत की नव्या औषधाची चाचणी होत आहे, याची पुरेशी कल्पना रुग्णांना दिली गेली नव्हती, असा या आक्षेपांचा गाभा होता. इंदूरच्या ‘स्वास्थ्य अधिकार मंच’ या संघटनेने २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. न्यायालयाने ३ जानेवारी २०१३ रोजी नव्या औषधांच्या चाचण्या केंद्रीय आरोग्य सचिवांच्या देखरेखीखाली आणल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संमती घेतानाच्या संवादाचे ध्वनिचित्रमुद्रण करण्याचा आदेश दिला.

पुढे १९ मार्च २०१९ रोजी ‘नवीन औषधे व वैद्यकीय चाचणी नियम’ अधिसूचित झाले. ध्वनिचित्रमुद्रणाची अट त्यांत मर्यादित स्वरूपात, दुर्बल गटांतील सहभागी आणि नव्या रासायनिक किंवा रेण्वीय घटकाच्या चाचण्या यांच्यापुरती राहिली. मात्र सहभागीला समजेल अशा भाषेत माहिती देणे, माहितीपत्रक व भरलेल्या संमतीपत्राची प्रत त्याच्या हाती ठेवणे आणि पहिला सहभागी घेण्यापूर्वी चाचणीची सार्वजनिक नोंद करणे ही बंधने कायम झाली.

राष्ट्रीय नोंदवही आणि भाषेची अडचण

ही सार्वजनिक नोंद ज्या ठिकाणी होते, ती ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया’ अर्थात सीटीआरआय ही नोंदवही २० जुलै २००७ रोजी सुरू झाली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद (आयसीएमआर) ती चालवते. औषध महानियंत्रकांनी १५ जून २००९ पासून चाचण्यांची नोंदणी सक्तीची केली. १ एप्रिल २०१८ पासून, पहिला सहभागी दाखल होण्यापूर्वी आलेल्या नोंदीच येथे स्वीकारल्या जातात. नोंदणी विनामूल्य आहे आणि कोणीही नागरिक ती पाहू शकतो. संशोधनाचे शीर्षक, उद्देश, केंद्रे, प्रमुख संशोधकाचा संपर्क, नैतिकता समितीचा निर्णय आणि खर्च करणारी संस्था असा तपशील तेथे मिळतो.

सार्वजनिक नोंदवहीची ही कल्पना जगभर रुजलेली आहे. अमेरिकेची नोंदवही फेब्रुवारी २००० मध्ये खुली झाली. प्रमुख वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी २००४ साली, नोंद नसलेल्या चाचण्यांचे निबंध छापले जाणार नाहीत, अशी भूमिका घेतली. नकोसे निष्कर्ष गुपचूप बाजूला सारण्याची वाट बंद व्हावी, हा त्यामागील हेतू होता.

सीटीआरआयची मर्यादा भाषेची आहे. तेथील नोंदी इंग्रजीत आणि तज्ज्ञांच्या परिभाषेत असतात. भिंडहून आलेल्या शेतकऱ्याला किंवा सत्तरीतील एखाद्या डिचोलीकराला त्या कायद्याने खुल्या असल्या, तरी व्यवहारात बंदच राहतात. प्रकल्पाच्या स्वतंत्र संकेतस्थळाचे खरे प्रयोजन येथे आहे. नोंदवहीत जे आहे, तेच रुग्णाच्या भाषेत आणि त्याच्या मोबाइलवर उपलब्ध करून देणे हे त्याचे पहिले काम होय.

पहिल्या पानावर काय असावे?

उदाहरणादाखल, ग्वाल्हेर परिसरात मधुमेहाच्या एका औषधाची तुलना करणारे संशोधन हाती घेतले आहे, असे समजू. त्याच्या संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर पुढील बाबी कोठेही शोधावे न लागता दिसल्या पाहिजेत :

१. हे संशोधन आहे, नेहमीचा उपचार नव्हे, असे स्पष्ट विधान.
२. संशोधनाचा उद्देश, कालावधी आणि सहभागीला किती वेळा यावे लागेल, किती वेळा रक्त द्यावे लागेल याचा तपशील.
३. संभाव्य धोके आणि लाभ. लाभ होण्याची हमी नसल्यास तसा उल्लेख.
४. सहभाग न घेतल्यास उपलब्ध असलेले अन्य उपचार.
५. सहभाग ऐच्छिक असून केव्हाही, कारण न देता, बाहेर पडता येते आणि त्यामुळे नेहमीच्या उपचारांत खंड पडत नाही, ही ग्वाही.
६. इजा झाल्यास मोफत उपचार व नुकसानभरपाई यांविषयीची तरतूद.
७. प्रमुख संशोधक आणि नैतिकता समिती या दोघांचे स्वतंत्र संपर्क क्रमांक.
८. सीटीआरआय नोंदणी क्रमांक, खर्च करणाऱ्या संस्थेचे नाव आणि पान शेवटचे सुधारल्याची तारीख.

यांतील सातवी बाब अनेकदा दुर्लक्षित राहते. तक्रार संशोधकाविषयीच असेल, तर ती संशोधकाकडेच नेण्याचा मार्ग पुरेसा नसतो. २०१९ च्या नियमांनुसार नैतिकता समितीत किमान सात सदस्य असतात, अध्यक्ष संस्थेबाहेरील असतो आणि एक सामान्य नागरिक, एक कायदेतज्ज्ञ व किमान एक महिला यांचा समावेश आवश्यक असतो. सहभागीचे हित पाहणे हे या समितीचे कामच आहे. तिच्यापर्यंत पोहोचण्याचा रस्ता म्हणून पहिल्या पानावरच हवा.

आयसीएमआरच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार सहभागी मिळवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जाहिराती व साहित्यही नैतिकता समितीपुढे ठेवावे लागते. संकेतस्थळावरील मजकूर, छायाचित्रे आणि चित्रफिती याच वर्गात मोडतात. ‘क्रांतिकारी औषध’, ‘मोफत उपचारांची संधी’ यांसारखी वाक्ये किंवा केवळ हसऱ्या रुग्णांची चित्रे हे प्रलोभन ठरू शकते. मजकुरात नंतर बदल केल्यास तोही समितीकडून मंजूर करून घ्यावा आणि बदलाची तारीख पानावर नोंदवावी.

भाषा, लिपी आणि शब्दांची निवड

ग्वाल्हेरमध्ये व्यवहाराची भाषा हिंदी आहे. शिंदेशाहीपासून स्थायिक झालेल्या कुटुंबांत मराठीही बोलली जाते. तेथील संकेतस्थळ मूळ हिंदीत विचार करून लिहिले पाहिजे. इंग्रजी मजकुराचे यांत्रिक भाषांतर पुरत नाही. गोव्यात हाच प्रश्न कोकणी, मराठी आणि इंग्रजी यांच्या संदर्भात उभा राहतो.

शब्दांचा सापळा मराठीतही आहे. ‘चाचणी’ हा शब्द रक्ताच्या तपासणीलाही वापरतात आणि औषधाच्या संशोधनालाही. ‘तुमची चाचणी करायची आहे’ हे ऐकणारा रुग्ण रक्त तपासायचे आहे असे समजून होकार देईल. येथे ‘नव्या औषधावरील संशोधन’ असा विस्तार आवश्यक ठरतो. कोणाला कोणते औषध मिळेल हे डॉक्टर ठरवत नसून चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरते, असे सांगितले की ‘यादृच्छिक विभागणी’ समजते. ‘प्लासिबो’ म्हणजे औषध नसलेली, पण दिसायला तशीच गोळी, हेही एका वाक्यात सांगता येते. भाषांतर झाल्यावर दुसऱ्या व्यक्तीकडून ते पुन्हा मूळ भाषेत करून घेण्याची प्रस्थापित पद्धत आहे. दोन्ही मजकूर ताडून पाहिले की अर्थ कोठे निसटला, ते कळते.

लिपीचा प्रश्न तांत्रिक असला तरी महत्त्वाचा आहे. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर निरर्थक अक्षरे दाखवतो, शोधयंत्रांना सापडत नाही आणि दृष्टिहीनांसाठीच्या वाचक प्रणालीला वाचता येत नाही. म्हणून सर्व मजकूर युनिकोडमध्ये असावा. माहितीपत्रकाचे छायाचित्र काढून ते पानावर चिकटवणे हाही त्याच चुकीचा प्रकार होय. देवनागरीत वरच्या व खालच्या मात्रा एकमेकींना भिडू नयेत, यासाठी ओळींत पुरेसे अंतर ठेवावे लागते. संकेतस्थळांच्या सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार सामान्य मजकूर आणि पार्श्वभूमी यांतील उठावाचे प्रमाण किमान ४.५ : १ असावे आणि अक्षरे दुप्पट मोठी केली तरी मजकूर वाचता यावा. मधुमेहामुळे दृष्टी अधू झालेल्या रुग्णांसाठी हे निकष कळीचे आहेत.

ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी प्रत्येक विभागाचे ध्वनिमुद्रण ठेवता येते. साध्या मोबाइलवर आणि मंद इंटरनेटवर पान उघडते की नाही, हे खेड्यात जाऊन तपासावे. अर्थात, संकेतस्थळ कितीही चांगले असले तरी समोरासमोरच्या संवादाची जागा ते घेऊ शकत नाही. ‘संगथ’ या गोव्यातील संस्थेने केलेल्या ‘मानस’ या चाचणीत प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि खासगी दवाखान्यांतून, खास प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांच्या साहाय्याने नैराश्य व चिंतेच्या विकारांवर उपचार झाले. तिचे निष्कर्ष २०१० साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णाशी त्याच्या गावातील माणसाने बोलण्याचे महत्त्व या कामातून दिसते. संकेतस्थळ हे त्या बोलण्याला पूरक असावे.

माहितीची गोपनीयता

सार्वजनिक संकेतस्थळ आणि संशोधनाची विदा साठवणारी प्रणाली या दोन गोष्टी पूर्णतः वेगळ्या ठेवणे हा पहिला नियम आहे. विदा गोळा करण्यासाठी अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठात २००४ साली तयार झालेल्या ‘रेडकॅप’सारख्या स्वतंत्र प्रणाली वापरल्या जातात. तेथे सहभागीची ओळख सांकेतिक क्रमांकाने होते आणि क्रमांक व नाव यांची सांगड घालणारी यादी वेगळी, मोजक्या व्यक्तींच्या ताब्यात असते.

संकेतस्थळावर ‘संपर्क साधा’ असा अर्ज ठेवायचा असेल, तर त्यात नाव आणि दूरध्वनी क्रमांक एवढेच विचारावे. आजाराचा तपशील, आधार क्रमांक किंवा तपासणीचे अहवाल तेथे मागू नयेत. जाहिरात कंपन्यांचे माग काढणारे घटक पानावर ठेवू नयेत. क्षयरोग किंवा एचआयव्हीवरील संशोधनाचे पान कोणी पाहिले, एवढी माहितीही त्या व्यक्तीला अडचणीत आणू शकते.

‘डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३’ या कायद्यानुसार संमती मुक्त, विशिष्ट आणि माहितीवर आधारलेली असावी लागते. सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत पाहण्याचा पर्याय द्यावा लागतो. हिंदी, मराठी आणि कोकणी या तिन्ही भाषा त्या अनुसूचीत आहेत. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे, अशी तरतूद आहे. संशोधनासाठी या कायद्यात काही अटींवर सूट आहे. तथापि वैद्यकीय नीतीच्या बंधनांतून ती सूट संशोधकाला मुक्त करत नाही.

निष्कर्ष सांगण्याची जबाबदारी

अनेक प्रकल्पांची संकेतस्थळे सहभागी मिळेपर्यंत जिवंत असतात आणि नंतर ओस पडतात. ज्यांनी रक्त दिले, वेळ दिला, धोका पत्करला, त्यांना शेवटी काय निष्पन्न झाले ते कळत नाही. या बाबतीत ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीचे उदाहरण लक्षणीय आहे. मार्च २०२० मध्ये सुरू झालेल्या या कोविड चाचणीचा संपूर्ण आराखडा तिच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुला होता. डेक्सामेथासोन या स्वस्त औषधाचा निष्कर्ष १६ जून २०२० रोजी जाहीर झाला. कृत्रिम श्वसनयंत्रावरील दर १०० रुग्णांपैकी नेहमीच्या उपचारांत सुमारे ४१ दगावत होते. हे औषध दिल्यावर ते प्रमाण सुमारे २९ वर आले. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती, त्यांना मात्र लाभ दिसला नाही. ‘शंभरांपैकी किती’ अशी मांडणी सामान्य वाचकाला टक्केवारीच्या घटीपेक्षा लवकर उमगते आणि लाभ कोणाला नाही हेही तीतून सांगता येते.

निष्कर्ष प्रतिकूल असला किंवा संशोधन अर्धवट थांबले असले, तरी तेही कारणासह लिहिले पाहिजे. नैतिकतेविषयीचा जागतिक वैद्यकीय संघटनेचा हेलसिंकी जाहीरनामा नकारात्मक निष्कर्षही प्रसिद्ध करण्यास सांगतो. संकेतस्थळाचा पत्ता प्रकल्पानंतरही काही वर्षे नूतनीकृत ठेवण्यासाठी सुरुवातीलाच निधी राखावा. सोडून दिलेला पत्ता दुसरा कोणी विकत घेऊ शकतो आणि रुग्णांच्या हाती असलेल्या जुन्या पत्रकावरून ते भलत्याच ठिकाणी पोहोचू शकतात. संस्थेच्या मुख्य संकेतस्थळाखाली पान ठेवल्यास हा धोका कमी होतो.

नागरिकांनी काय तपासावे?

एखाद्या संशोधनात सहभागी होण्याची विनंती झाल्यास नागरिकांनी प्रथम सीटीआरआय क्रमांक विचारावा. ‘सीटीआरआय’ या अक्षरांनंतर वर्ष, महिना आणि सहा अंकी क्रमांक अशी त्याची रचना असते. तो नोंदवहीत शोधून शीर्षक, केंद्र आणि संशोधकाचे नाव संकेतस्थळावरील माहितीशी जुळते का, ते पाहावे. माहितीपत्रक घरी नेऊन कुटुंबीयांशी किंवा परिचित डॉक्टरांशी चर्चा करण्यास वेळ मागावा. नैतिकता समितीचा क्रमांक जपून ठेवावा. सही केल्यावर संमतीपत्राची प्रत मागून घ्यावी. ती मिळणे हा हक्क आहे. संकेतस्थळ आणि हाती दिलेले पत्रक यांत तफावत आढळली, तर तिचा लेखी खुलासा मिळेपर्यंत सही न करणे इष्ट.