चाकांवरचं घर

अमेरिकेतल्या भाच्याने जुन्या मोटारींच्या एका मेळाव्याचे फोटो पाठवले. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची चकचकीत मोटार, आणि तिच्या मागे त्याच काळातलं, त्याच रंगातलं एक छोटंसं घर जोडलेलं. आत पलंग, शेगडी, कपाट, सगळं. "मामा, यावर लिहा," असा हुकूम! म्हणून हा लेखनप्रपंच.

या हौसेचा उगम इंग्लंडात सापडतो. आरमारात डॉक्टर असलेल्या विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ साली 'वाँडरर' नावाची गाडी ब्रिस्टलच्या कारखान्यात खास फिरण्यासाठी बांधून घेतली. ओढायला दोन घोडे. जिप्सी लोक त्याआधीपासून अशाच गाड्यांत संसार करत होते, पण त्याला कोणी हौस म्हटलं नव्हतं. गंमत आहे नाही? हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

घोडे गेले, मोटार आली. अमेरिकेत वॉली बायम यांनी १९३६ साली 'एअरस्ट्रीम क्लिपर' बाजारात आणली. विमानासारखी, ॲल्युमिनियमचे पत्रे रिबिटांनी जोडलेली. १९५९-६० मध्ये तर त्यांचा काफिला केपटाऊनहून थेट कैरोपर्यंत गेला! पण त्याच तिशीच्या दशकात, मंदीच्या काळात, घर गेलेली कित्येक अमेरिकन कुटुंबं अशाच मागे जोडायच्या घरांत नाइलाजाने राहत होती. दुसऱ्या महायुद्धात युद्धसामग्रीच्या कारखान्यांतल्या कामगारांनाही सरकारने अशी घरं राहायला दिली. म्हणजे वस्तू एकच. एकाची सुट्टी, दुसऱ्याचा नाइलाज.

आता आपल्याकडे या. २०२१ साली महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पर्यटकांनी चाकांवरच्या घरातून फिरावं, ही कल्पना चांगलीच आहे. पण महाराष्ट्राला ती नवी मात्र नाही. घिसाडी लोक भाता, ऐरण आणि लेकरंबाळं बैलगाडीत घालून गावोगाव फिरत आले. विळे-कोयत्यांना धार लावावी, आणि पुढच्या गावाला जावं.

आणि सर्वांत मोठा काफिला उसाचा. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखाना उभा राहिला. मग पश्चिम महाराष्ट्रात कारखाने वाढत गेले, आणि ऊस तोडायला माणसं आली ती बीडसारख्या कोरडवाहू भागांतून. १९७२ च्या दुष्काळाने हा ओघ आणखी वाढवला. दसरा-दिवाळी झाली की ट्रॅक्टरमागे एकाला एक अशा दोन ट्रॉल्या जोडायच्या. त्यांत पत्रे, बांबू, भांडी, धान्याची पोती, शेळ्या, कोंबड्या, म्हातारी आणि लेकरं. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली 'उचल' पाच-सहा महिने राबून फेडायची.

आमच्या खारेपाटणहून भुईबावडा घाट चढून गगनबावड्याला गेलं, आणि पुढे कोल्हापूरच्या रस्त्याला लागलं, की हंगामात अशा ट्रॉल्या दिसतात. संसार खाली उतरला की त्याच ट्रॉल्यांत ऊस भरला जातो. म्हणजे ते घरही त्यांचं नव्हेच.

मोटारीमागे घर जोडून निघालेला माणूस परत कधी फिरायचं ते स्वतः ठरवतो. ट्रॉलीतल्या माणसाचा परतीचा दिवस कारखान्याचा पट्टा पडेल तेव्हा ठरतो. चाकं दोन्हीकडे सारखीच, पण लगाम कोणाच्या हातात, एवढाच काय तो फरक. आणि तो फार मोठा आहे.

मी आयुष्यभर हजेरीपट घेऊन उभा राहिलेला माणूस. त्यामुळे माझी नजर ट्रॉलीतल्या लेकरांवरच जाते. दिवाळीनंतर त्यांच्या गावच्या शाळेत त्यांच्या नावापुढे काय लिहिलं जात असेल? कारखान्यांजवळ साखरशाळा निघाल्या, पुढे मुलांनी गावातच राहून शिकावं म्हणून हंगामी वसतिगृहं आली. ज्यांनी हे काम केलं, त्यांना माझा नमस्कार. तरीही ट्रॉलीत लेकरं दिसतातच.

जुन्या गाड्या जपणाऱ्यांचं मला कौतुक आहे. जुनं नीट सांभाळावं, रंगरंगोटी करून पुढच्या पिढीला दाखवावं. पण ही ऊसतोडीची ट्रॉली मात्र लवकरात लवकर जुनी व्हावी, आणि आपल्या नातवंडांनी ती एखाद्या संग्रहालयातच पाहावी, असं मनापासून वाटतं.

तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा.