मुंबई–लंडन हवाई मार्ग

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि लंडनचा हीथ्रो विमानतळ यांमधील मार्ग. पृथ्वीगोलावर मोजलेले किमान अंतर सुमारे ७,२०० किमी. (३,९०० सागरी मैल). विनाथांबा उड्डाणास जाताना साधारणपणे साडेनऊ ते दहा तास, येताना साडेआठ ते नऊ तास लागतात. वळसा पडल्यास त्याहून अधिक.

भिंतीवरच्या नकाशात हा मार्ग इराक व तुर्कस्तानवरून जाईल असे वाटते. गोलावर दोरा ताणून पाहिल्यास मात्र तो सौराष्ट्र, कराची, बलुचिस्तान, इराण, जॉर्जिया, काळा समुद्र, युक्रेन आणि जर्मनीवरून जातो. प्रत्यक्षात विमाने या रेषेवरून क्वचितच उडतात.

जाण्यायेण्याच्या वेळेतील फरक पश्चिमेकडून वाहणाऱ्या झोतवाऱ्यांमुळे पडतो. हिवाळ्यात हे वारे अधिक जोरदार असतात. घड्याळातील फरक हिवाळ्यात साडेपाच, उन्हाळ्यात साडेचार तासांचा. हिवाळ्यात मुंबईहून दुपारी एकला निघालेले विमान साडेनऊ तासांनी उतरते, तेव्हा लंडनमध्ये संध्याकाळचे पाचच वाजलेले असतात.

विमानसेवेपूर्वी समुद्रमार्गाने या प्रवासास दोन-तीन आठवडे लागत.

या हवाई मार्गाची सुरुवात टपालाने झाली. इंपीरियल एअरवेजची लंडन–कराची सेवा १९२९ मध्ये सुरू झाली. कराचीला उतरलेली टपाल पुढे आणण्यासाठी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी एका इंजिनाचे ‘पुस मॉथ’ विमान कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आणले. भारतीय नागरी विमानवाहतुकीच्या इतिहासात या उड्डाणाचे मोल फार मोठे आहे. ८ जून १९४८ रोजी एअर-इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान कैरो व जिनीव्हा असे थांबे घेत लंडनला गेले. त्यातही टाटा होते. हेच विमान ३ नोव्हेंबर १९५० रोजी जिनीव्हाकडे उतरत असताना माँ ब्लाँ पर्वतावर आदळले आणि ४८ जण मृत्युमुखी पडले. १९६० मध्ये बोइंग ७०७ जेट विमाने आली. २४ जानेवारी १९६६ रोजी मुंबईहून लंडनकडे निघालेले ‘कांचनगंगा’ हे ७०७ त्याच पर्वतावर कोसळले. ११७ मृतांत अणुशास्त्रज्ञ होमी भाभा होते. वैमानिकाचा स्थानाचा अंदाज चुकला, असा चौकशीचा निष्कर्ष; इतरही तर्क मांडले गेले आहेत.

विनाथांबा उड्डाणे रुळल्यानंतर प्रवासाचा वेळ आकाश कोठे खुले आहे यावर अधिक अवलंबून राहू लागला. फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपल्या आकाशात बंदी घातली. त्यामुळे प्रवाशाने अंतरावरून काढलेला अंदाज न धरता कंपनीच्या चालू वेळापत्रकातील वेळच प्रमाण मानावी.